निवड द्या म्हणता, आधी गाडी द्या

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : खेड्यातल्या पालकांच्या शाळानिवडीबाबत

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातली कास्तकार. घरचं वावर, त्यात कपाशी आणि तूर. गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून आहे.

पालकांना शाळा निवडता आली पाहिजे, सरकारचा पैसा शाळेला न देता कूपन म्हणून मुलाच्या मागे गेला पाहिजे, मग शाळा आपोआप सुधारतील, असं हल्ली शिकलेली माणसं बोलतात. मला ते चूक वाटत नाही. आपलं लेकरू कुठं शिकावं हे आईबापानं ठरवावं, यात वाईट काय? फक्त ही माणसं कधी आमच्या फाट्यावर एसटीची वाट बघत उभी राहिलेली दिसत नाहीत.

शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत गरीब-वंचित लेकरांसाठी ठेवलेल्या २५ टक्के मोफत जागांचंच घ्या. कायद्याच्या हिशेबात पहिली ते पाचवीसाठी जवळची शाळा म्हणजे एक किलोमीटरच्या आतली, सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आतली. आमच्या गावापासून तीन किलोमीटरच्या आत एकही कॉन्व्हेंट नाही. (आमच्याकडे खासगी इंग्रजी शाळा म्हटली की ती कॉन्व्हेंटच, मग ती चालवणारा कुणी का असेना.) सेतू केंद्रावरचा पोरगा नकाशावर आमच्या घराचा ठिपका टाकतो, तोही अंदाजानं, कारण घराला नंबर नाही. मग म्हणतो, काकू, जवळ काहीच दाखवत नाही. म्हणून ज्याचा पाहुणा तालुक्याला राहतो, तो तिथला भाडेकरार करून आणतो. ज्याचा कुणी नाही, तो अर्जच भरत नाही.

सरकारनं ९ फेब्रुवारी २०२४ ला नियम बदलला. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर तिथल्या खासगी शाळेला या जागा देण्यातून सूट मिळाली. उच्च न्यायालयानं १९ जुलैला तो बदल रद्द केला. शहरातले पालक लढले, जिंकले, फार चांगलं झालं. आमच्या गावात मात्र बदल आला तेव्हा काही गेलं नाही आणि रद्द झाला तेव्हा काही मिळालं नाही.

आता व्हॅनचं सांगते. सकाळी सात वाजता फाट्यावर येते. पुढं ड्रायव्हरच्या बाजूला दोन पोरं, मागच्या सीटवर मोठी, त्यांच्या मांडीवर लहान, दप्तरं वरच्या कॅरिअरला दोरीनं बांधलेली. व्हॅनचं वर्षाचं भाडं आमच्या तालुक्याच्या कॉन्व्हेंटच्या फीच्या जवळपास जातं. जुलैत नाल्याला पूर आला की ती येत नाही, पण त्या दिवसांचे पैसे कापत नाहीत. म्हणजे उद्या तुम्ही फी पूर्ण माफ केली, तरी अर्धा खर्च आमच्याच बोडक्यावर. पैसा एकाच लेकराला पुरण्याइतका असला की पोरगा व्हॅनमध्ये बसतो आणि पोरगी झेडपीत जाते. आमच्या शाळेच्या पटावर मुली जास्त का, हे विचारायला समिती नेमायची गरज नाही.

पैसा मुलाच्या मागे ही कल्पना नवी नाही. चिलीनं १९८१ मध्ये ती आणली, स्वीडननं १९९२ मध्ये. चिलीला २०१५ मध्ये कायदा करून अनुदान घेणाऱ्या शाळांची नफेखोरी आणि मुलं निवडून घेणं बंद करावं लागलं. तिथं निदान पैसा घेऊन जायला शाळा होत्या. आमच्या हातात कूपन दिलं, तर ते खर्चायला जायचं कुठं?

खरी गोष्ट अशी की आमच्या मनातली निवड बहुतेक वेळा कॉन्व्हेंटची नसतेच. दोन गावं पलीकडं झेडपीचीच एक शाळा आहे. तिथं गुरुजी मन लावून शिकवतात, तिसरीतली पोरं धडधडा वाचतात. आमच्या गावातल्या कितीतरी जणांना लेकरं तिथं घालायची आहेत. कायदा आडवा येत नाही, फीही नाही. सहा वर्षांचं लेकरू पाच किलोमीटर जाणार कसं, एवढंच अडतं. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या बस आहेत, पण त्या मोठ्या मुलींसाठी, हायस्कूलच्या वेळेवर. अहिल्याबाई होळकर योजनेचा एसटीचा मोफत पासही पाचवीपासून पुढच्या मुलींना. पहिलीतल्या लेकराला कुणीच मोजत नाही. समग्र शिक्षा अभियानात वाहतुकीसाठी वर्षाला मुलामागे ६००० रुपयांपर्यंत तरतूद आहे, पण ती जवळ शाळाच नाही त्यांच्यासाठी. जवळ शाळा आहे पण नावालाच आहे, त्यांनी काय करायचं?

आमच्या शाळेत चार वर्ग आणि एक गुरुजी. एकाच फळ्याचे खडूनं चार भाग केलेत, खालचा पहिलीचा, कारण त्यांचे हात तिथंच पोचतात. गुरुजी तालुक्याला मिटिंगला किंवा मतदार यादीच्या कामाला गेले की खिचडी शिजवणारी मावशी वर्ग सांभाळते. कायद्यात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक लिहिलेत, वीस मुलं असली की एक असं त्यात कुठं लिहिलेलं नाही. पट कमी म्हणून शिक्षक कमी, शिक्षक कमी म्हणून पट कमी. मग सप्टेंबर २०२३ सारखं पत्र निघतं की वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे समूह शाळेसाठी, म्हणजे लहान शाळा मिळून एक मोठी करण्यासाठी, प्रस्ताव पाठवा. उदाहरण दिलं जातं पुणे जिल्ह्यातल्या पानशेतच्या समूह शाळेचं. पानशेतला मुलांना आणायला-सोडायला बस आहे, साहेब. ती बस आधी आमच्या रस्त्यावर चालवून दाखवा, शाळेचं नंतर बोलू. आणि बस आलीच, तर शाळा बंद करायची गरज उरते का, तेही तेव्हा बघू.

कोलाम आदिवासींच्या पोडांचं, म्हणजे वस्त्यांचं, तर वेगळंच. तिथल्या आयांना मिळणारी निवड म्हणजे लेकरू आश्रमशाळेत टाका, नाहीतर आदिवासी विभागाच्या योजनेतून लांबच्या नामांकित इंग्रजी निवासी शाळेत पाठवा. दोन्हीकडं लेकरू घरातून जातंच.

माझं मागणं मोठं नाही. पहिलीपासूनच्या मुलांना, शाळा झेडपीची असो, अनुदानित असो की २५ टक्क्यातली, आईबापानं निवडलेल्या शाळेपर्यंत वाहतूक भत्ता द्या. तो बँकेत टाकू नका, सहा महिन्यांनी येतो. गावागावातले आटोवाले, काळीपिवळीवाले शाळा समितीमार्फत ठरवा, बिल समितीच्या सहीनं काढा. प्रत्येक लहान शाळेत दुसरा शिक्षक द्या, आणि तो येईपर्यंत पहिल्याला मिटिंगला बोलावू नका. २५ टक्क्यातलं लेकरू आठवी पास झालं की नववीची फी कोण भरणार, तेही प्रवेश देतानाच सांगा. सध्या ते आठवीच्या निकालाच्या दिवशी कळतं.

विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, म्हणजे बाकी राज्यापेक्षा आमच्यासाठी तुम्हाला थोडा जास्त वेळ आहे. १ मेच्या ग्रामसभेत हे पत्र वाचून ठराव घेणार आहोत. त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत आपल्याकडे येईल.

आपली,
शाळा व्यवस्थापन समितीची एक पालक सदस्य,
जि. यवतमाळ