वारसा नसलेल्या अनाथांचे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुलांच्या पुस्तकांतले दुष्ट काका-काकू, सावत्र आया, छळवादी शाळाचालक यांना कात्री लावावी, कोवळ्या मनावर परिणाम होतो, असा सूर अधूनमधून उमटतो. मला तो पटत नाही. या पुस्तकांतला छळ बहुधा चोख रंगवलेला असतो. खोट आहे ती सुटकेत.

लेखिका बर्नेट यांच्या 'अ लिटल प्रिन्सेस'मध्ये (१९०५) निवासी शाळेत राहणाऱ्या साराच्या अकराव्या वाढदिवशीच वडील गेल्याची आणि पैसा बुडाल्याची बातमी येते. शाळेची चालक मिस मिंचिन तिला बाहेर काढायला निघते, तेव्हा वकील सुचवतो की तसे केले तर लोक नावे ठेवतील. त्यापेक्षा ठेवून घ्या, पुढे कामाला येईल. सारा त्याच दिवशी माळ्यावर! डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधली, अनाथ पोरे सांभाळणारी मिसेस मॅन तर पोरामागे आठवड्याला मिळणाऱ्या साडेसात पेन्सांतले बरेचसे स्वतःच्या घशात घालते. हा हिशेबीपणा मुलांना बरोबर कळतो. तो काढून उरणार काय?

(कात्री लावण्याची हौस जुनीच. ग्रिम बंधूंच्या १८१२च्या आवृत्तीत हॅन्सेल आणि ग्रेटेलला रानात सोडायला लावणारी त्यांची सख्खी आई होती. पुढच्या आवृत्त्यांत ती सावत्र झाली. सख्खी सुटली, सावत्र कायमची बदनाम.)

आता सुटका पाहा. ऑलिव्हर भल्या घरचा निघतो, त्याच्या नावे वारसाही असतो. साराच्या वडिलांच्या हिऱ्यांच्या खाणी खऱ्या ठरतात. जिन्याखालच्या फडताळात झोपणाऱ्या हॅरी पॉटरचेही बँकेच्या तिजोरीत सोने असतेच. म्हणजे वाचणाऱ्या पोराने समजायचे काय? हाल झाले ते वाईट, कारण हे मूल मुळात त्या लायकीचे नव्हते?

साराच्या शेजारच्याच खोलीत बेकी राहते. मोलकरीण पोर, तीच थंडी, तीच उपासमार, वर मारही. शेवटी सारा श्रीमंत होते आणि बेकी तिच्या तैनातीला लागते. लेखिकेला यात काही खटकलेले दिसत नाही. डिकन्सने निदान डोळे मिटले नाहीत: ऑलिव्हर आपल्या जुन्या सोबत्याला, छोट्या डिकला, न्यायला परत येतो तेव्हा तो मेलेला असतो.

वेगळी वाटही आहे. 'अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स'मध्ये (१९०८) शेतकामाला मुलगा हवा असलेल्या भावंडांकडे चुकून मुलगी येते. त्यांतली बहीण मरिला सुरुवातीला तिला परत पाठवायलाच निघते. कुठलेही घबाड निघत नाही, थोर घराणेही नाही. तरी अ‍ॅन त्या घरात राहते.

आपल्या बालपुरवणीत पुस्तकांची ओळख करून देताना अशी पुस्तके आवर्जून घ्यावीत. आणि बेकीच्या बाजूने शेवट लिहायला मुलांना सांगितले, तर मी तरी तो अंक जपून ठेवीन.

कळावे,
एक नियमित वाचक