अलास्का क्रूझ : कॅमेऱ्याची तयारी, रविवारी पैठणला

मंडळी, जूनमध्ये अलास्काला निघणाऱ्या सर्व सदस्यांनी रविवार, 12 एप्रिलला सकाळी 6 वाजता पैठणला नाथसागराच्या काठी जमावे. नेणार तोच कॅमेरा आणि तीच लेन्स आणा. पाण्यावर उडणारे सुरय पक्षी टिपता आले, तर अलास्कातले बाल्ड ईगल (गरुड) ही टिपता येतील. ऊन चढायच्या आत आटपू.

लेन्स : 100-400 मिमीची (दूरचे जवळ आणणारी झूम) असेल तर उत्तम. नवी घेऊ नका, भाड्याने मिळते. क्रॉप सेन्सरवाल्यांना (लहान सेन्सरचा कॅमेरा) 70-300 पुरे. ग्लेशियरसाठी (हिमनदी) मात्र 24-105 सारखी रुंद दृश्य टिपणारी लेन्स हवीच. मार्जरी ग्लेशियर सुमारे दीड किलोमीटर रुंद आहे, जहाज जवळ गेल्यावर मोठ्या झूममध्ये त्याचा तुकडाच येईल.

ट्रायपॉड घरीच ठेवा. जहाजाच्या इंजिनाची थरथर त्यातून थेट कॅमेऱ्यात जाते. शटरचा वेग 1/1000 सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा, देवमासा शेपूट उचलतो ते क्षणभरच. बर्फ करडा दिसू लागला तर एक्स्पोजर (फोटोचा उजेड) +1 करा.

डेकवरून आत येताना कॅमेरा बॅगेत बंद करूनच आणा, नाहीतर उबेत लेन्सवर वाफ धरते. आपल्याला 42 अंशांची सवय, हे कुणाच्या ध्यानात राहत नाही.

जादा बॅटऱ्या आणि पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच. ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात ड्रोनला बंदी आहे, तेव्हा कुणी ड्रोन आणू नये.

भाड्याची लेन्स हवी असेल त्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका.