न दाखवलेल्या बातमीविषयी

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू सुचवलेली ‘द न्यूजरूम’ ही अमेरिकी मालिका मी शेवटच्या भागापर्यंत पाहिली. तुझ्या पत्रातल्या दोन गोष्टींना मी एकत्रच उत्तर देते, कारण मला त्या एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. वृत्तवाहिनीत तुला कॅमेऱ्यासमोर न नेमता निर्मिती विभागात नेमले म्हणून तू हिरमुसली आहेस, ही पहिली. दुसरी अशी की, या मालिकेच्या आरंभी वृत्तनिवेदक विल मॅकॲव्हॉय विद्यापीठाच्या व्यासपीठावरून अमेरिकेविषयी जे घणाघाती भाषण करतो, तेच तुला सगळ्या मालिकेत सर्वांत आवडले. बातमीचे बळ बोलणाऱ्याच्या तोंडी असते, अशी तुझी समजूत दोन्हींच्या मुळाशी आहे. भाषण चांगलेच आहे आणि जेफ डॅनियल्सने ते उत्तम केले आहे; याच भूमिकेसाठी त्याला २०१३ मध्ये एमी पुरस्कार मिळाला. परंतु २०१२ ते २०१४ या काळात एचबीओवर तीन पर्वांत दाखवलेल्या या पंचवीस भागांतून माझ्या मनात जे राहिले, त्यात भाषणांना फारशी जागा नाही. जी बातमी हातात असूनही दाखवली गेली नाही, तिचे प्रसंग मात्र मी पुन्हा लावून पाहिले.

पहिल्या पर्वाचा चौथा भाग आठव. ८ जानेवारी २०११ रोजी ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन येथे अमेरिकी संसदेच्या (तिकडे तिला काँग्रेस म्हणतात) सदस्य गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्यावर गोळी झाडली गेली; त्या हल्ल्यात सहा माणसे मरण पावली. मालिकेतल्या नियंत्रण कक्षात एकामागून एक खबर येते की, इतर वाहिन्यांनी गिफर्ड्स यांच्या मृत्यूची बातमी दिली आहे. वाहिनीच्या मालकिणीचा मुलगा आत येऊन, आपण मागे पडत आहोत आणि प्रत्येक सेकंदाला प्रेक्षक दुसरीकडे जात आहेत, असे बजावतो. तेव्हा डॉन हा निर्माता, जो तोवर फारसा सज्जन म्हणून आपल्यासमोर आलेला नसतो, एवढेच सांगतो की ती एक व्यक्ती आहे आणि तिला मृत ठरवणे हे डॉक्टरचे काम आहे, वाहिनीचे नव्हे. बातमी जात नाही. काही वेळाने कळते की त्या जिवंत आहेत.

हा प्रसंग मनाने रचलेला असता तर मी त्याला एवढे महत्त्व दिले नसते. त्या दिवशी अमेरिकेतील सार्वजनिक नभोवाणी एनपीआरने गिफर्ड्स यांच्या मृत्यूची चुकीची बातमी खरोखरच दिली आणि सीएनएनसह इतर मोठ्या वाहिन्यांनी ती उचलली. एनपीआरकडे दोन स्रोत होते, पण दोघांपैकी कुणालाही प्रत्यक्ष माहिती नव्हती. पत्रकारितेच्या वर्गात ‘दोन स्रोत हवेत’ असे तुला शिकवले असेल. त्या दोघांपैकी कुणी स्वतः पाहिले किंवा ऐकले आहे का, आणि दोघांचेही कान एकाच तिसऱ्या तोंडाला तर लागलेले नाहीत ना, हा त्यापुढचा प्रश्न आहे आणि तो विचारायला वेळ लागतो. गिफर्ड्स यांचे पती, अंतराळवीर मार्क केली, त्या वेळी आपल्या मुलींना आणि आईला घेऊन विमानाने टूसॉनकडे निघाले होते. आपली पत्नी गेली, हे त्यांना विमानातल्या टीव्हीवरून कळले. पुढे त्यांनी स्वतः ही हकिगत सांगितली आहे. नियंत्रण कक्षात बसून घाई करणाऱ्याला ते विमान दिसत नाही. तुला ते दिसावे, अशी माझी इच्छा आहे.

मालिकेच्या पहिल्या पर्वातल्या शीर्षकचित्रांत एडवर्ड मरो आणि वॉल्टर क्रॉन्काइट या जुन्या काळच्या नामवंत अमेरिकी वृत्तनिवेदकांची दृश्ये येतात. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा क्रॉन्काइट सीबीएस या वाहिनीच्या वृत्तकक्षात बसून बातम्या देत होते. मृत्यूची खबर त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. तरी ती अद्याप अधिकृत नाही, असे ते पुनःपुन्हा सांगत राहिले आणि अधिकृत घोषणा हाती आल्यावरच त्यांनी चष्मा काढून वेळेसह ती वाचली. लोकांना तो चष्मा आठवतो. मला त्याआधीचे थांबणे अधिक मोलाचे वाटते. मरो यांच्या बाबतीतही तसेच आहे. लोकांवर साम्यवादी असल्याचे आरोप करत सुटलेल्या सिनेटर मॅकार्थी यांच्यावरचा, ‘सी इट नाऊ’ या त्यांच्या कार्यक्रमाचा ९ मार्च १९५४ चा भाग इतिहासात गेला, पण मॅकार्थींच्याच चित्रफिती शोधून, निवडून, त्यांचेच बोलणे त्यांच्यासमोर ठेवण्याच्या त्या कामात फ्रेड फ्रेंडली या निर्मात्याचा आणि त्याच्या संकलकांचा वाटा मोठा होता. ‘सी इट नाऊ’चा अगदी पहिला भाग १९५१ मध्ये सादर झाला, तेव्हा मरो मुद्दाम नियंत्रण कक्षातच बसले होते आणि प्रेक्षकांनी पडद्यामागची ती खोली आधी पाहिली. तुम्ही जिला पीसीआर (प्रॉडक्शन कंट्रोल रूम) म्हणता तीच ही खोली.

आता दुसऱ्या पर्वाकडे वळते, कारण माझ्या मते या मालिकेचे खरे काळीज तिथे आहे. तुझ्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, बहुधा त्यात जिंकण्याचा आनंद नाही म्हणून. अमेरिकी सैन्याने पाकिस्तानातील एका गुप्त मोहिमेत सारिन हा विषारी वायू वापरला, असा आरोप या चमूच्या हाती लागतो. मोहिमेचे नाव ‘जेनोआ’. माणसे प्रामाणिक आहेत, कित्येक महिने तपास करतात. एवढेच नव्हे, तर ज्यांना आजवर या कथेची वार्ताही नव्हती अशा सहकाऱ्यांना बोलावून, ‘आमच्या बातमीत भोके पाडा’ असे त्यांना सांगतात. या गटाला ते रेड टीम म्हणतात. एवढे सगळे करूनही बातमी खोटी निघते आणि ती मागे घ्यावी लागते.

ती कशी कोसळते, हे मी कागदावर उतरवून काढले. एका सैनिकाच्या मेंदूला पूर्वी गंभीर इजा झालेली असते आणि त्याने ती लपवलेली असते. दुसऱ्या साक्षीदाराला कार्यकारी निर्माती मॅकेन्झी असे प्रश्न विचारते की त्यांतच उत्तरे दडलेली असतात. तो फक्त होकार भरतो. वाहिनीचा प्रमुख चार्ली ज्याच्यावर विसंबून एक कागद खरा मानतो, त्या माणसाच्या मनात चार्लीविषयी जुना सूड धुमसत असतो. आणि या सर्वांवर कळस म्हणजे जेरी हा निर्माता एका निवृत्त जनरलच्या मुलाखतीत कात्री चालवतो. जनरल बोललेला असतो ‘जर वापरला असेल, तर असा वापरला’ या धर्तीवर. जेरी त्यातला ‘जर’ काढून टाकतो. उरते ती सरळ कबुली. जेरी खलनायक नाही. अन्याय झाला आहे याबद्दल त्याच्या मनात शंकाच उरलेली नाही, म्हणून पुराव्यात जी उणीव आहे ती आपण भरून काढली तर सत्याचीच सेवा होईल, असे त्याला वाटते. वाईट हेतूची माणसे ओळखता येतात. आपलेच म्हणणे खरे आहे याची इतकी खात्री झालेला सहकारी ओळखणे फार अवघड, आणि त्याहून अवघड म्हणजे तो सहकारी आपणच आहोत हे ओळखणे.

ही कात्री पकडली जाते ती मोठ्या युक्तिवादाने नव्हे. मुलाखतीच्या वेळी खोलीतल्या टीव्हीवर बास्केटबॉलचा सामना चालू असतो आणि त्याच्या पडद्यावरच्या कोपऱ्यातले चेंडू टाकण्यासाठी उरलेले सेकंद दाखवणारे घड्याळ मध्येच उडी मारते. मॅकेन्झीला ते आकडे जुळत नाहीत असे दिसते आणि सारा प्रकार उघड होतो. माझी हयात मुद्रितशोधनात गेली, त्यामुळे हे दृश्य पाहताना मी खुर्चीच्या काठावर येऊन बसले, हे तुला सांगायला हरकत नाही. मुख्य मजकुराकडे सगळे पाहतात. चूक बहुधा कडेला, तळटिपेत, चित्राखालच्या ओळीत उघडी पडते. तुझ्या हातात उद्या कुणी कापून तयार केलेला बाईट, म्हणजे मुलाखतीचा तुकडा, देईल, तेव्हा मूळ चित्रफीत मागण्याचा संकोच करू नकोस. मागितल्याचा राग येणारा सहकारी असेल, तर ती फीत आधी पाहा आणि राग नंतर शांत कर.

या कथानकामागेही एक खरी घटना आहे. ७ जून १९९८ रोजी सीएनएनने ‘टाइम’ साप्ताहिकाबरोबरच्या आपल्या नव्या कार्यक्रमात असे सांगितले की, १९७० मध्ये लाओसमधील ‘टेलविंड’ या मोहिमेत अमेरिकी सैन्याने सारिन वापरला होता. एका महिन्याच्या आत, २ जुलैला, सीएनएनने ती बातमी मागे घेतली आणि तिच्या निर्मात्यांना काढून टाकले. वार्ताहर म्हणून पडद्यावर दिसणारे पीटर आर्नेट यांना ताकीद मिळाली. यातून तुझ्या कामाचे वजन तुला कळेल. चेहरा वार्ताहराचा होता, पण बातमी निर्मात्यांनी बांधली होती आणि नोकऱ्याही त्यांच्याच गेल्या. पडद्यामागे बसणाऱ्याचे नाव प्रेक्षकाला ठाऊक नसते. जबाबदारी मात्र तिथूनच सुरू होते.

मालिकेतले सगळेच मला पटले, असे समजू नकोस. पहिला भाग २० एप्रिल २०१० या दिवशी घडतो, म्हणजे मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहिरीच्या फलाटाचा स्फोट होऊन अकरा कामगार मेले, त्या दिवशी. मालिकेतला चमू त्याच संध्याकाळी सिमेंटच्या कामातील दोष, सरकारी तपासणीतील ढिलाई आणि संकटाचा आवाका, हे सारे शोधून मोकळा होतो. वास्तवात गळतीचा पहिला अधिकृत अंदाज दिवसाला १,००० पिंपांचा होता, मग तो ५,००० झाला, आणि सुरुवातीला दिवसाला सुमारे ६२,००० पिंपे तेल वाहत होते हे काही महिन्यांनी ठरले. लेखक ॲरन सॉर्किन यांनी घटना घडून गेल्यावर लिहिले, तेव्हा कुणाचा दावा खरा ठरणार हे त्यांना आधीच ठाऊक होते. खऱ्या वृत्तकक्षाला हा लाभ कधीच मिळत नाही, आणि म्हणून त्या रात्री अंधारात चाचपडत काम करणाऱ्या खऱ्या पत्रकारांवर ही मालिका थोडा अन्याय करते, असे माझे स्पष्ट मत आहे. स्त्रियांच्या बाबतीतही लेखकाचा हात सैल सुटला आहे. युद्धभूमीवरून वार्तांकन करून आलेली मॅकेन्झी साध्या ईमेलवरून साऱ्या कचेरीसमोर स्वतःची शोभा करून घेते, हे मला खटकले. नियंत्रण कक्षात विलच्या कानाशी बोलत संपूर्ण तास सावरून नेणारी तीच बाई अधिक खरी आहे; तू तिला त्या दृश्यांत पाहा.

तिसऱ्या पर्वातील स्रोताच्या प्रकरणाबद्दल एवढेच सांगते. विल आपल्या स्रोताचे नाव सांगत नाही म्हणून तुरुंगात जातो. हे नाट्यमय करण्यासाठी घातलेले नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ब्रँझबर्ग खटल्यात, ग्रँड ज्युरीसमोर, म्हणजे खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर, साक्ष नाकारण्याचा वेगळा अधिकार पत्रकाराला राज्यघटनेने दिलेला नाही, असा निकाल दिला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या वार्ताहर जुडिथ मिलर यांना स्रोताचे नाव न सांगितल्याबद्दल २००५ मध्ये ८५ दिवस कैदेत काढावे लागले. यात चमूतल्या नील या तरुण पत्रकाराचे वागणे मला अधिक महत्त्वाचे वाटले. कुणी स्वतःहून आणून दिलेला कागद स्वीकारणे वेगळे आणि तो कसा बाहेर काढावा हे त्याला शिकवणे वेगळे, ही रेषा तो उत्साहाच्या भरात ओलांडतो, आणि मग संकट त्याच्यापुरते राहत नाही. स्रोताला गुप्ततेचे वचन देण्यापूर्वी ते वचन पाळण्याचा अधिकार आपल्या हाती आहे का, हे वरिष्ठांना आणि वकिलाला विचारत जा. वचन दिल्यावर विचारून उपयोग नसतो.

तुझ्या नेमणुकीविषयी मला जे म्हणायचे होते ते वर आलेच आहे. ज्या खोलीत ‘थांबा’ म्हणता येते, त्या खोलीत तुला बसवले आहे. त्या खोलीत बसून तू थांबवलेल्या बातमीचे श्रेय तुला कुणी देणार नाही, कारण जी चूक घडलीच नाही ती कुणाला दिसत नाही. आणि पहिल्या पाचसहा वेळा तुझ्यामुळे वाहिनी मागे पडली असे तोंडावर ऐकवलेही जाईल. त्यासाठी मनाची तयारी ठेव, पण त्यामुळे गप्प बसू नकोस.

पुढच्या पत्रात मला तीन गोष्टी कळव. तुमच्याकडे मुलाखतीची मूळ, न कापलेली फीत किती दिवस जपून ठेवतात? प्रक्षेपण चालू असताना एखादी ओळ रोखण्याचा अधिकार नेमका कोणाला आहे, आणि तो अधिकार नव्याने आलेल्या मुलीच्या सांगण्यावरून वापरला जातो का? आणि मोठ्या बातमीआधी तिच्यात भोके पाडायला, तिच्याशी आजवर काही संबंध नसलेला माणूस बसवण्याची पद्धत आहे का? नसेल, तर ती सुरू करण्याविषयी तुझ्या वरिष्ठांशी बोल. त्यांनी काय उत्तर दिले तेही लिही.

तुझी,
आई