लिलावाचा आकडा नेमका कोणता?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

एखादी जुनी खुर्ची किंवा कपाट लिलावात विक्रमी रकमेला गेले, की त्याची बातमी ठळकपणे छापून येते. मात्र छापलेला आकडा नेमका कशाचा, हे वाचकाला क्वचितच कळते. हातोडा पडतो ती, म्हणजे शेवटच्या बोलीची, रक्कम वेगळी आणि खरेदीदार मोजतो ती वेगळी, कारण १९७५ मध्ये क्रिस्टीज आणि सदबीज या लिलावगृहांनी लंडनमध्ये खरेदीदाराकडूनही प्रीमियम, म्हणजे बोलीच्या रकमेवर जादा शुल्क, घ्यायला सुरुवात केली आणि पुढे ती पद्धत जगभर रूढ झाली.

फेब्रुवारी २००९ मध्ये पॅरिसला फॅशन डिझायनर ईव्ह सें लोराँ आणि त्यांचे सहकारी पिएर बेर्जे यांच्या संग्रहाचा लिलाव झाला, त्यातील फर्निचर डिझायनर आयलीन ग्रे यांनी घडवलेल्या ‘ड्रॅगन’ खुर्चीचेच पाहा. अंदाजित किंमत २० ते ३० लाख युरो होती आणि बातम्यांत झळकले ते सुमारे २ कोटी १९ लाख. प्रत्यक्षात हातोडा पडला १ कोटी ९५ लाखांवर. वरचे सुमारे २४ लाख हा लिलावगृहाचा प्रीमियम, म्हणजे अंदाजाच्या खालच्या टोकापेक्षाही मोठी रक्कम! अंदाजित किमतीत प्रीमियम धरलेला नसतो, त्यामुळे या दोन आकड्यांची तुलनाच मुळात चुकीची ठरते. विकणाऱ्याच्या हाती तर हातोड्याची रक्कमही पूर्ण पडत नाही. त्यातून कमिशन आणि बहुधा विमा, वाहतूक व छायाचित्रणाचा खर्च वजा होतो.

जुन्या लाकडी सामानाची दुरुस्ती हा माझा व्यवसाय असल्याने अशा बातम्यांचा परिणाम मला जवळून दिसतो. बातमी वाचून एका गृहस्थांनी घरची खुर्ची विकायला काढली आणि ‘चांगली दिसावी’ म्हणून आधी पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली. मी ती उलटी केली, तेव्हा बैठकीखालचे लाकूड जुनेच होते, काळवंडलेले, करवतीच्या वेड्यावाकड्या खुणांसह. वरच्या बाजूला मात्र मूळ लाखेच्या लेपाचा मागमूसही उरला नव्हता. ग्राहक पैसे मोजतो ते या मूळ थराचे आणि वस्तू कोणाकोणाच्या हातून आली त्या कागदपत्रांचे. नुसत्या वयाला फारसे कोणी विचारत नाही. (घासलेली लाख परत चढवता येते, पण ती माझी असते, मूळ कारागिराची नव्हे.)

राखीव किमतीपर्यंत, म्हणजे ज्याखाली वस्तू विकायची नाही असे आधीच ठरलेले असते त्या रकमेपर्यंत, बोली न पोहोचल्याने परत जाणाऱ्या वस्तूंबद्दल तर बातमीत अवाक्षरही नसते. म्हणून विनंती अशी, की लिलावाचे वृत्त देताना हातोड्याची किंमत आणि प्रीमियम वेगवेगळे छापावेत, आणि त्याच लिलावातील किती वस्तू विकल्या गेल्या नाहीत, हेही एका ओळीत नमूद करावे.

आपला,
एक नियमित वाचक