मान्ना, यब्बोक आणि एक उशी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

बायबलमधल्या कथा अंतःकरणाची रूपके मानायच्या, तर त्या घडल्याच नाहीत असे म्हणायचे का, हा तुझा प्रश्न पत्र वाचल्यापासून डोक्यात आहे. मला तसे वाटत नाही. प्रेषित पौलानेच गलतीकरांना पत्र लिहिताना अब्राहामाची पत्नी सारा आणि दासी हागार यांच्यात देवाचे दोन करार पाहिले, पण म्हणून साराला कल्पित ठरवले नाही.

मला सध्या बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातला मान्ना, म्हणजे मिसरमधून (इजिप्तमधून) सुटलेल्या इस्राएली लोकांना रानात मिळालेले अन्न, सोडवत नाही. दव ओसरल्यावर रानात काहीतरी बारीक, खवल्यांसारखे पडलेले दिसते, लोक एकमेकांना 'हे काय?' असे विचारतात आणि त्या प्रश्नावरूनच त्या अन्नाला नाव पडते; म्हणजे जे खाऊन ते चाळीस वर्षे जगले, त्याचे नावच मुळी एक प्रश्न आहे. माणशी एक ओमर, म्हणजे एक ठरावीक माप, गोळा करायचा, सकाळपर्यंत ठेवायचा नाही. ज्यांनी ठेवला, त्यांच्या मान्नात किडे पडले. एकदा प्रार्थनेत माझे मन विलक्षण निवले होते, आणि पुढे कित्येक महिने तेच शब्द, तीच वेळ, तीच बैठक धरून मी ती शांती परत आणू पाहत होतो. तिलाही अखेर वास येऊ लागला. (शब्बाथासाठी, म्हणजे विसाव्याच्या सातव्या दिवसासाठी, ठेवलेला वाटा मात्र नासत नाही, आणि एक ओमर तर पुढच्या पिढ्यांसाठी भांड्यात जपला जातो. तेव्हा दोष साठवण्याचा नसावा, उद्याच्या धास्तीचा असावा.)

मिसरचा राजा फारो म्हणजे अहंकार, मिसर म्हणजे वासना, असा कोश पाठ करण्याचा मात्र मला कंटाळा आहे. यब्बोक नदीच्या काठी अब्राहामाचा नातू याकोब एका अनोळखी पुरुषाशी रात्रभर झुंजला, त्याला आशीर्वाद मिळाला, नवे नावही मिळाले. पण सूर्य उगवला तेव्हा तो झुंजीत मांडी निखळल्याने लंगडत होता. 'जीव देवाशी झगडतो' एवढाच अर्थ काढला, तर ती निखळलेली मांडी अर्थाबाहेर राहते, आणि ज्या अर्थात तिला जागा नाही तो मी सोडून देतो.

वादळात नावेत निजलेल्या येशूविषयी तू विचारले आहेस, तिथे मीही अडलो आहे. अंतर्यामी निजलेले चैतन्य, हे उत्तर तयारच असते. पण शुभवर्तमान लिहिणारा मार्क येशूच्या डोक्याखालच्या उशीचाही उल्लेख करतो, आणि त्या उशीचे काय करावे हे मला अजून सुचलेले नाही. तुला काही सुचले तर सवडीने लिही.

तुझा,
स्नेही