जुईची फांदी आणू नकोस, आई

एडिंबरा,
४ मे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली की, जुलैत इकडे येताना दारच्या जुईची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणते, आणि मी घाईत नुसते "बघू" म्हणून मोकळी झाले. तसे म्हणायला नको होते. कारण खरे उत्तर "नको" असेच आहे, आणि त्याची कारणे फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखी नाहीत.

पहिले कारण कागदपत्रांचे आहे. बाबा, द्राक्षांच्या कंटेनरबरोबर जो फायटोचा, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचा, दाखला जोडावा लागतो, तसाच दाखला इथे लावण्यासाठी आणलेल्या एवढ्याशा फांदीलाही लागतो. त्याशिवाय ती विमानतळावरच काढून घेतील. पण समजा दाखला मिळाला आणि फांदीला मुळेही फुटली, तरी दुसरे कारण उरतेच, आणि ते नीट उमगायला मला सहा वर्षे आणि पुष्कळ मेलेली रोपे खर्ची घालावी लागली.

सुरुवातीला मला वाटे की, इथे भीती ती फक्त थंडीची. परंतु जानेवारीत एडिंबऱ्याच्या रात्रीचे सरासरी तापमान एक-दोन अंशांच्या आसपास असते, आणि पारा पाच अंशांखाली उतरलेल्या रात्री आपल्या निफाडने काही कमी पाहिलेल्या नाहीत. फरक असा की, आपल्याकडे सकाळी दहाला ऊन अंगावर येते आणि दुपारी स्वेटर काढावा लागतो. इथे तो गारठा दिवसभर तसाच बसून राहतो, आणि तोही ओला. वर्षाला सुमारे सातशे मिलिमीटर पाऊस म्हणजे काही फार नव्हे, पण तो बाराही महिन्यांत वाटून पडत असल्यामुळे हिवाळ्यात माती कधी सुकतच नाही. नाजूक वेलीची मुळे कोरड्या मातीत जी थंडी सोसतात, तीच थंडी चिखलात त्यांना कुजवते. म्हणून माझ्या आळ्यांत निम्मी खडी आहे. आईला ते पाहून माझी दया येईल.

तरीही खरी अडचण हिवाळ्याची नसून उन्हाळ्याची आहे. जुलैतसुद्धा दुपारचे तापमान सरासरीने १९ अंशांच्या पुढे फारसे जात नाही. उजेड मात्र भरपूर असतो; जूनमध्ये दिवस साडेसतरा तासांचा होतो. त्यामुळे वेल वाढते, पाने काढते, पण काडी पक्व होत नाही. बाबा, ही गोष्ट तुम्हाला वेगळी समजावून सांगायला नको. हिरवी, पाणीदार काडी घेऊन ऑक्टोबरात शिरलेली वेल पहिल्या हिमाच्या रात्रीच शेंड्यापासून काळी पडत जाते, आणि त्याच वेलीचे तपकिरी, कडक झालेले लाकूड मात्र तेवढ्याच थंडीत तगते. हे कळल्यापासून जुलै संपला की मी नत्र पूर्ण बंद करते आणि फक्त पालाश देते. इथे टोमॅटोसाठी मिळणारे पातळ खत पालाशयुक्त असते, तेच मी पंधरा दिवसांतून एकदा पाण्यातून घालते. तुम्ही काडीसाठी पालाश द्यायचात, तेव्हा मी शाळेच्या अभ्यासाचे निमित्त काढून पळून जात असे.

माझ्या बागेतली सर्वांत मौल्यवान वस्तू एखादी वेल नसून दक्षिणेकडे तोंड केलेली दगडी भिंत आहे. दिवसभर ती ऊन पिऊन घेते आणि रात्री हळूहळू सोडते, त्यामुळे तिच्या अंगाला लागून असलेली हवा उघड्या बागेपेक्षा ऊबदार राहते. पूर्वेची भिंत दिसायला तशीच, पण तिच्यावर सकाळचे ऊन गोठलेल्या कळ्यांवर एकदम पडते आणि झपाट्याने वितळण्याने त्या करपतात. भिंतीलाही एक खोड असते, ती म्हणजे तिच्या पायथ्याशी पाऊस पोहोचत नाही. म्हणून वेल भिंतीला चिकटवून न लावता दीड फूट अलीकडे लावायची आणि काठीच्या आधाराने तिरकी तिकडे न्यायची. माझी पहिली दोन रोपे भर पावसाळी प्रदेशात तहानेने मेली, हे कुणाला सांगायचीही लाज वाटत होती.

अठराव्या शतकात इथल्या जमीनदारांनी या भिंतींची गंमत आणखी पुढे नेली होती. फळबागेची भिंत आतून पोकळ बांधायची, पोकळीत धुराची वळणावळणाची वाट ठेवायची आणि मागच्या बाजूला भट्टी पेटवून पीचचा मोहोर वाचवायचा. पुढे १८४५ साली काचेवरचा कर उठला, काचघरे स्वस्त झाली आणि या भट्ट्या मागे पडल्या. अशी एक जुनी भिंत पाहताना मला डिसेंबरातल्या आपल्या बागेतल्या शेकोट्या आठवल्या, पहाटे तीनला गोधडी पांघरून तुम्ही ओळींमधून फिरायचात त्या. गार हवा पाण्यासारखी उताराला वाहते आणि खोलगटात साचते, हे तुम्हीच तेव्हा सांगितले होते. माझी बाग उतारावर आहे, आणि खालचे कुंपण आधीच्या मालकांनी फळ्यांनी गच्च बंद केले होते; मी एकाआड एक फळी काढून टाकली. त्या वर्षीपासून खालच्या कोपऱ्यातले पांढरे दहिवर बरेच कमी झाले.

आता कोणती वेल जगली आणि कोणती नाही, ते सांगते. गोकर्णाचे बी मी आतल्या खोलीत उगवून मेअखेरीला बाहेर काढले. तीन पाने आली, ती पिवळी पडली आणि सबंध जूनभर रोपाने चौथे पान काढले नाही. ते काही हिमाने मेले नाही, कंटाळून मेले म्हणा. बोगनवेल जगली आहे, पण कुंडीत. आपल्याकडे बांधावर तिला कुणी तांब्याभर पाणी घालत नाही, इथे तिचे राणीसारखे कोडकौतुक करावे लागते: सप्टेंबर संपायच्या आत तिला काचेच्या पडवीत घ्यायचे, सात-आठ अंशांवर ठेवायचे, आणि पाणी जवळजवळ तोडायचे. पहिल्या वर्षी मी तिला मायेने दिवाणखान्यात हीटरजवळ ठेवली. त्या कोरड्या गरम हवेत पानांखाली लाल कोळी आणि फांद्यांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण असे दोन्ही पाहुणे जमले, आणि फेब्रुवारीपर्यंत एक पान उरले नाही. तिला ताण हवा होता, ऊब नव्हे.

आणि आई, जाई आहे. अगदी आपली नाही, पण जवळच्या नात्यातली: तीच पाच पाकळ्यांची पांढरी फुले, संध्याकाळी सुटणारा तोच वास. ही जात काकेशसपासून हिमालयापर्यंतच्या डोंगरांतली, त्यामुळे बर्फ तिला नवा नाही. हिवाळ्यात ती पाने टाकून निमूट उभी राहते. तुझी जुई दक्षिणेतल्या उन्हाची, तिला हा धडा कुणी शिकवलेलाच नाही. इथे ती कुंडीत, काचेआड, आजारी माणसासारखी जगेल, आणि मला ती तशी पाहवणार नाही. भिंतीवरची ही जाई गेल्या वर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात फुलू लागली, म्हणजे तुम्ही याल तेव्हा साधारण बहरात असेल.

एक वेल मात्र अशी आहे जिने माझे सगळे आडाखे उलटे केले. चिलीच्या ओल्या जंगलांतून आलेली ही ट्रोपिओलम स्पेसिओसम कुंकवासारखी लालभडक फुलते, आणि तिला ऊबदार भिंत नकोच असते. मुळे सावलीत, गार, आम्लधर्मी ओल्या मातीत, आणि शेंडा तेवढा उजेडात, अशी तिची अट. कोरड्या दक्षिण इंग्लंडमध्ये तिच्यापुढे लोक हात टेकतात आणि स्कॉटलंडमध्ये ती यू नावाच्या सदाहरित झाडाच्या काळ्या-हिरव्या कुंपणांवर आपण होऊन चढते. बाबा, निफाडात ती एकही एप्रिल काढणार नाही. शेजारच्या आजीबाईंनी तिची पांढरी, शेवयांसारखी मुळे मला दिली तेव्हा बजावले होते की एकदा लावल्यावर हलवायची नाही. मी हलवली, आणि दोन वर्षे ती रुसून जमिनीखाली बसली.

शेवटी बाबांना एक विनंती. जाईवर तुम्हाला वाळलेल्या काड्यांचा गुंता दिसेल आणि हात शिवशिवतील. पण एप्रिल आणि ऑक्टोबर अशा आपल्या दोन छाटण्या इथे चालत नाहीत. ऑक्टोबरात छाटले तर कोवळे फुटवे येतात आणि हिमात सापडतात. म्हणून मेलेल्या काड्यासुद्धा मी वसंतापर्यंत तशाच ठेवते, खालच्या जिवंत डोळ्यांवर त्यांचे तेवढेच पांघरूण. जाईची फुले बरीचशी गेल्या वर्षीच्या काडीवर येतात, तेव्हा तिची विरळणी बहर ओसरल्यावरच. तुम्ही ऑगस्टअखेरपर्यंत राहणार असाल तर ते काम तुमच्यासाठी राखून ठेवते. कात्री इथे आहे, आणायची गरज नाही.

आईने फांदीऐवजी गजऱ्याच्या दोऱ्याची दोन रिळे आणावीत. इथला दोरा फार गुळगुळीत असतो, गाठ सुटते.

तुमची,
लेक