बाप मंत्री, मुलगाही मंत्री

दार-एस-सलाम,
मार्च 2024

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

तिकडेही मंत्र्यांचीच पोरं मंत्री होतात का, असं विचारलंत. होतात की! आत्ताच इथला सात दिवसांचा दुखवटा संपला. टांझानियाचे माजी राष्ट्राध्यक्ष अली हसन म्विन्यी 29 फेब्रुवारीला गेले, 98 वर्षांचे होऊन. त्यांचे चिरंजीव डॉ. हुसेन म्विन्यी सध्या झांझिबारचे राष्ट्राध्यक्ष आहेत. झांझिबार टांझानियातच येतं, पण त्या बेटांचा राष्ट्राध्यक्ष वेगळा असतो.

म्हातारबाबांबद्दल लोक आपुलकीनं बोलतात. मी जिथून तूरडाळ घेते ते गुजराती दुकानदार सांगत होते, पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांच्या शेवटच्या वर्षांत साबणाच्या वडीसाठी रांग लागायची. 1985 मध्ये त्यांच्या जागी म्विन्यी आले, आयात मोकळी झाली आणि दुकानं पुन्हा भरली. बोलता बोलता त्यांनी गल्ल्यावरचा आताच्या राष्ट्राध्यक्ष सामियाबाईंचा फोटो पुसला आणि म्हणाले, "म्विन्यींचाही लावायला हवा होता."

हुसेन शिकले डॉक्टरकी, तीही तुर्कस्तानात. 2000 मध्ये दार-एस-सलामच्या दक्षिणेकडच्या म्कुरांगातून खासदार झाले आणि लगेच आरोग्य उपमंत्री. पुढच्या निवडणुकीत मतदारसंघ बदलला, तो थेट समुद्रापलीकडे, झांझिबारचा क्वाहानी. आपल्याकडे तालुका बदलला तरी केवढा गहजब होतो! 2008 मध्ये ते संरक्षणमंत्री झाले.

एप्रिल 2009 मध्ये इथल्या म्बागालात लष्कराचं दारूगोळ्याचं कोठार उडालं. वस्तीवर गोळे पडले, वीसेक माणसं गेली. फेब्रुवारी 2011 मध्ये विमानतळाजवळच्या गोंगो ला म्बोटोला पुन्हा तसंच झालं. हजारो लोक रातोरात घर सोडून पळाले. विरोधकांनी राजीनामा मागितला, तो काही मिळाला नाही. पहिल्या वेळी खातं हाती येऊन वर्षच झालं होतं, हे मान्य. दुसऱ्या वेळचं काय?

मला हे खटकतं ते वडिलांमुळे. सत्तरच्या दशकात अली हसन गृहमंत्री होते. शिन्यांगा भागात चेटकिणी समजून म्हाताऱ्या बायकांचे खून व्हायचे. त्या तपासात पोलिसांनी धरलेले काही जण कोठडीतच मेले. यांनी स्वतः कुणाला हात लावला नव्हता, तरी जबाबदारी घेऊन खुर्ची सोडली. न्येरेरेंनी त्यांना पुढे राजदूत म्हणून इजिप्तला पाठवलं आणि शेवटी आपल्या जागी बसवलं.

मुलाचं न सोडताही काही अडलं नाही. 2012 मध्ये डॉक्टरांच्या संपात आरोग्यमंत्री गेले, तिथे हे आले. 2013 च्या अखेरीस शिकारचोरांविरुद्धच्या मोहिमेत जवानांनी लोकांचा छळ केल्याचं उघड झालं. तेव्हा संरक्षणमंत्र्यांना घरी पाठवलं आणि रिकाम्या खुर्चीवर पुन्हा हेच. 2020 मध्ये झांझिबारला 76 टक्के मतं घेऊन निवडून आले. विरोधक त्या मतदानाला गैरप्रकारच म्हणतात. माणूस मवाळ बोलतो, गुंडगिरीचं नाव नाही, पण वडिलांएवढा मान मी तरी देणार नाही.

एक काम मात्र त्यांच्या कारकिर्दीत झालं. आयआयटी मद्रासची शाखा झांझिबारला 2023 पासून सुरू आहे. करारावर सह्या झाल्या तेव्हा हे स्वतः हजर होते, आपले जयशंकरही होते. दादाच्या मुलाची बारावी झाली की त्याला चौकशी करायला सांगा. राहायची सोय मी बघीन.

आईला नमस्कार. गुडघ्याचं तेल पाठवू का, ते कळवा.

तुमची,
सुमन